नवे रेस्टॉरंट: भाडेकराराआधीची आणि नंतरची तयारी

रेस्टॉरंट काढायचे ठरले की बहुतेक जण सर्वांत आधी जागा शोधायला निघतात. जागा पसंत पडते, दुसरेही कोणी तिच्यासाठी थांबले आहे असे जागामालक सांगतो, घाईघाईने अनामत दिली जाते आणि त्यानंतर या जागेत काय विकायचे, किती विकले म्हणजे भागेल, याचा विचार सुरू होतो. हा क्रम उलटा आहे. या व्यवसायात मेनू बदलता येतो, दर बदलता येतात, आचारी आणि सजावटही बदलता येते. पण काही वर्षांसाठी सही केलेल्या भाडेकराराची रक्कम गल्ल्यात काहीही जमा झाले तरी दर महिन्याला द्यावीच लागते. म्हणून सहीपूर्वी कागदावर करायच्या कामाला येथे अधिक जागा दिली आहे.

दहापैकी नऊ रेस्टॉरंटे पहिल्याच वर्षी बंद पडतात, असे सर्रास ऐकवले जाते. अमेरिकेतील कोलंबस शहराच्या नोंदींवरून एच. जी. पारसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र पहिल्या वर्षी सुमारे 26 टक्के आणि तीन वर्षांत मिळून सुमारे 60 टक्के रेस्टॉरंटे बंद झालेली किंवा त्यांची मालकी बदललेली आढळली. एका शहराचे आकडे सगळीकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, तरी त्यांवरून एवढे दिसते की पहिले वर्ष सर्वांत कठीण असते आणि ते पार पडले म्हणजे धोका टळला असेही होत नाही. तीन वर्षे टिकण्याची तयारी पहिल्या दिवसापूर्वीच करावी लागते.

सुरुवात मेनूपासून

कोणासाठी, कोणत्या वेळी आणि किती खर्चात जेवण द्यायचे, हे तीन प्रश्न एकत्र सोडवावेत. कार्यालयातून दुपारी अर्ध्या तासासाठी बाहेर पडणाऱ्याला पदार्थ दहा मिनिटांत समोर हवा असतो; संध्याकाळी कुटुंबासह येणाऱ्याला बसायला ऐसपैस जागा आणि निवांतपणा हवा असतो. या दोघांसाठी लागणारा भटारखाना, टेबलांची मांडणी आणि मनुष्यबळ वेगवेगळे असते. दोघांनाही एकाच वेळी खूश करू पाहणारे नवे रेस्टॉरंट सहसा दोघांनाही नीट सांभाळू शकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मेनू लहान ठेवावा. पदार्थ वाढले की कोठीतील जिन्नस वाढतात, जिन्नस वाढले की नासाडी वाढते आणि पूर्वतयारीला माणसेही जास्त लागतात. नवा पदार्थ सुचला की त्यातील किती जिन्नस आधीच कोठीत आहेत, हे आधी पाहावे. ज्या पदार्थासाठी दोन-तीन नवे नाशवंत जिन्नस आणावे लागतात आणि ते दुसऱ्या कशातच वापरता येत नाहीत, तो पदार्थ कितीही रुचकर असला तरी पहिल्या मेनूतून वगळणे बरे.

प्रत्येक पदार्थाचे प्रमाणपत्रक तयार करावे. त्यात प्रत्येक जिन्नस ग्रॅममध्ये किंवा मिलिलिटरमध्ये, कृतीचे टप्पे, शिजवण्याचा वेळ, वाढण्याचे भांडे आणि वाढायचे प्रमाण लिहिलेले असावे. खर्च काढताना बाजारातील दर सरळ धरू नये. साफ करून हाती येणाऱ्या मालाचा दर धरावा. एक किलो भाजी सोलून, निवडून 800 ग्रॅम उरत असेल, तर तिचा खरा दर खरेदीच्या दराच्या सव्वापट होतो. मासे किंवा मांस यांच्या बाबतीत ही तूट पुष्कळदा याहून मोठी असते. तळण्याचे तेल किती वेळा वापरून टाकून द्यायचे, सजावटीला काय लागते, सोबत फुकट काय दिले जाते, हेही हिशेबात धरावे, कारण एका प्लेटमागे नगण्य वाटणारा हा खर्च महिन्याच्या हिशेबात ठळकपणे दिसतो. हे पत्रक आचाऱ्याच्या डोक्यात न ठेवता व्यवसायाच्या दप्तरात ठेवावे, म्हणजे एक आचारी सोडून गेला तरी चव आणि खर्च दोन्ही कायम राहतात.

जिन्नसांचा खर्च विक्रीच्या साधारण 28 ते 35 टक्के असावा, असा या व्यवसायात ढोबळ संकेत आहे. तो उपयोगी आहे, पण केवळ टक्क्यांकडे पाहून दर ठरवणे फसवे ठरते. एक पदार्थ 20 एककांना (एकक म्हणजे तुमच्या चलनातील कोणतीही ठरावीक रक्कम) विकला जातो आणि त्याला 8 एकके खर्च येतो. दुसरा 5 एककांना विकला जातो आणि त्याला 1 एकक खर्च येतो. टक्क्यांत पाहिले तर दुसरा पदार्थ सरस दिसतो, तरी गल्ल्यात पहिला 12 एकके टाकतो आणि दुसरा 4. भाडे आणि पगार एककांतच द्यावे लागतात. याच विचारावर आधारलेली पद्धत मायकेल कसावाना आणि डोनाल्ड स्मिथ या अमेरिकी अभ्यासकांनी 1982 साली मांडली. तीत प्रत्येक पदार्थ दोन कसोट्यांवर तपासतात: तो किती खपतो आणि प्रत्येक प्लेटमागे किती शिल्लक ठेवतो. दोन्हींत वरचढ असलेल्या पदार्थाला हात लावू नये. खूप खपणाऱ्या पण थोडे उरवणाऱ्या पदार्थाचा दर किंवा प्रमाण किंचित बदलून पाहावे. चांगले उरवणारा पण कमी खपणारा पदार्थ मेनूत वर आणावा, वाढप्यांना तो सुचवायला सांगावा. दोन्हींत मागे पडणारा काढून टाकावा. उघडण्यापूर्वी खपाचे आकडे हाती नसतात, शिल्लक मात्र काढता येते. तेवढी तरी काढूनच पुढे जावे.

किती ग्राहक आले म्हणजे भागेल

पुढचा हिशेब करताना मन घट्ट ठेवावे लागते. भाडे, पगार, व्याज, विमा, विजेचा किमान आकार यांसारखे विक्री झाली नाही तरी द्यावे लागणारे खर्च एका बाजूला मांडावेत. जिन्नस, इंधन, पार्सलची वेष्टने, कार्डाने पैसे घेण्याचे शुल्क यांसारखे विक्रीबरोबर वाढणारे खर्च दुसऱ्या बाजूला मांडावेत. समजा, महिन्याचा स्थिर खर्च 6,000 एकके आहे आणि बदलता खर्च विक्रीच्या 40 टक्के आहे. म्हणजे विक्रीच्या प्रत्येक 100 एककांतून 60 एकके स्थिर खर्चासाठी उरतात. ना नफा ना तोटा या स्थितीला यायचे तर महिन्याला 10,000 एककांची विक्री हवी. महिन्यात 25 दिवस उघडे राहिलात तर रोज 400 एकके, आणि एक ग्राहक सरासरी 8 एकके खर्च करत असेल तर रोज 50 ग्राहक.

पन्नास हा आकडा लहान वाटतो. जागेत 20 खुर्च्या असतील तर प्रत्येक खुर्ची दिवसातून अडीच वेळा भरली की झाले, असे वाटते. प्रत्यक्षात चौघांच्या टेबलावर दोघेच बसतात, तिघे आले की चौथी खुर्ची रिकामी राहते आणि गर्दीच्या वेळीही 20 पैकी 13-14 खुर्च्याच भरलेल्या असतात. म्हणजे अडीचऐवजी जवळजवळ चार फेऱ्या लागतात, आणि गर्दीचा काळ दिवसात दोन-तीन तासांपुरताच असतो. दोघांची, जोडता येण्याजोगी टेबले घेतल्याने हा फरक बराच कमी होतो. फर्निचर निवडताना दिसण्याइतकाच हाही मुद्दा महत्त्वाचा मानावा.

हाच हिशेब प्रतिकूल आकडे घालून पुन्हा करावा. बदलता खर्च 40 वरून 50 टक्क्यांवर गेला तर तेवढ्याच भाड्यापगारासाठी विक्री 12,000 एकके लागते, म्हणजे रोज 60 ग्राहक. कागदावरही जमत नसेल, तर जागा, मेनू किंवा दर यांपैकी काहीतरी बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये. जिन्नस आणि मनुष्यबळ या दोन खर्चांची बेरीज विक्रीच्या 60 ते 65 टक्क्यांपलीकडे गेली की भाडे, वीज, दुरुस्ती आणि मालक या सर्वांसाठी फारच थोडे उरते. भाडे अपेक्षित विक्रीच्या 10 टक्क्यांच्या आत बसावे, हा जुना संकेत मी स्वतः मर्यादा म्हणूनच मानतो.

भांडवल

सुरुवातीच्या खर्चाच्या यादीत अनामत, दुरुस्ती आणि बांधकाम, यंत्रसामग्री, परवान्यांचे शुल्क, पहिला माल आणि प्रशिक्षणाच्या काळातील पगार हे सर्वांना सुचते. सुटून जाते ते खेळते भांडवल. किमान सहा महिन्यांचा स्थिर खर्च बाजूला असल्याशिवाय दार उघडू नये, कारण ग्राहकांना सवय लागायला वेळ लागतो आणि तोवर पुरवठादार उधारी फार ताणू देत नाहीत. बांधकामाच्या अंदाजपत्रकावर आणखी 10 ते 20 टक्के राखून ठेवावेत. जुनी जलवाहिनी किंवा अपुरा वीजभार भिंत उघडल्यावरच कळतो. पैसे कमी पडत असतील तर सजावट कमी करावी, राखीव रकमेला हात लावू नये. स्टीलची टेबले, मांडण्या, सिंक वापरलेली घेतली तरी चालतात. शीतकपाटाच्या बाबतीत मात्र जुन्याचा मोह टाळावा, कारण कॉम्प्रेसर बंद पडला तर एका रात्रीत सगळा माल जातो.

भागीदारी असेल तर कोण किती तास काम करणार, कामाचा पगार आणि नफ्यातील वाटा वेगळे कसे ठेवायचे आणि एखाद्याला बाहेर पडायचे झाले तर त्याच्या वाट्याचे मोल कसे ठरवायचे, हे संबंध चांगले असतानाच लिहून ठेवावे. ग्राहकाकडून गोळा केलेला कर वेगळ्या खात्यात टाकावा. तो आपला पैसा नाही आणि गल्ल्यात मिसळला की हटकून खर्च होतो.

जागा आणि करार

आता जागा. ज्या वेळी तुम्ही जेवण देणार आहात त्याच वेळी, आठवड्याच्या मधल्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशीही तेथे उभे राहून माणसे मोजावीत. किती जण जातात यापेक्षा किती जण थांबतात, कोणाच्या हातात जेवणाची पिशवी आहे आणि शेजारच्या खाण्याच्या ठिकाणी किती टेबले भरली आहेत, हे जास्त सांगून जाते. तेथे आधी रेस्टॉरंट असेल तर ते का बंद झाले, याची आजूबाजूच्या दुकानदारांकडे चौकशी करावी.

करारापूर्वी काही गोष्टी लेखी मिळायला हव्यात. धूर बाहेर नेणारी वाहिनी कोठून काढता येईल आणि तिला शेजाऱ्यांची व प्रशासनाची परवानगी मिळेल का. मंजूर वीजभार किती आहे. सांडपाण्याच्या वाटेवर तेल-चरबी अडवणारी टाकी बसवायला जागा आहे का. या इमारतीत खाद्यव्यवसाय चालवायला नियमांनी मुभा आहे का. पहिल्या मुद्द्यावर अडलेली जागा कितीही मोक्याची असली तरी सोडून द्यावी. करारात भाडेवाढीचा दर, मोठ्या दुरुस्तीची जबाबदारी, मुदतीपूर्वी बाहेर पडण्याची अट, बांधकामाच्या काळात भाड्यात सवलत आणि आवश्यक परवाने न मिळाल्यास करार रद्द होऊन अनामत परत मिळेल असे कलम असावे. वकिलाला या टप्प्यावर दिलेले शुल्क वायफळ ठरत नाही. परवाने देशागणिक आणि शहरागणिक वेगळे असतात. अन्नसुरक्षा, अग्निसुरक्षा, व्यवसाय नोंदणी, कर आणि कामगार या पाचही विभागांकडे स्वतः चौकशी करून, लागणारा वेळ उद्घाटनाच्या वेळापत्रकात धरावा.

भटारखान्याची आखणी

एकूण क्षेत्रफळाचा साधारण तिसरा हिस्सा किंवा थोडा अधिक भटारखान्याला लागतो. खुर्च्या वाढवण्यासाठी तो आक्रसला की गर्दीच्या वेळी ऑर्डरी आतच तुंबतात आणि वाढवलेल्या खुर्च्यांचा उपयोग होत नाही. माल येण्याचे दार, कोठी, निवडण्या-चिरण्याची जागा, शिजवण्याची जागा, वाढप्यांना प्लेट देण्याचा ओटा या क्रमाने माल पुढे सरकावा आणि उष्टी भांडी परत येण्याची वाट या प्रवाहाला कोठेही छेदू नये. कच्चा आणि शिजवलेला माल वेगळ्या ओट्यांवर, वेगळ्या सुऱ्या व फळ्यांवर हाताळावा. हात धुण्याचे सिंक भांड्यांच्या सिंकपेक्षा वेगळे असावे.

आराखडा कागदावर पाहून समाधान मानू नये. रिकाम्या जागेत फरशीवर खडूने सगळी यंत्रे मूळ मापात आखावीत, आचाऱ्याला मध्ये उभे करावे आणि मेनूतील एक पदार्थ हवेतच करून दाखवायला सांगावे: शीतकपाटाकडे गेला, चिरायच्या फळीकडे वळला, शेगडीपाशी आला, प्लेट घेतली, ओट्यावर ठेवली. शीतकपाटाचे दार उघडले की ते उष्ट्या भांड्यांच्या वाटेवर येते, किंवा स्वच्छ प्लेटी घेण्यासाठी प्रत्येक वेळी तीन पावले मागे जावे लागते, या गोष्टी अशा वेळी पाच मिनिटांत दिसतात. खडूची रेघ पुसून दुसरीकडे काढायला काही खर्च येत नाही. बसवलेली शेगडी हलवायला येतो.

धूर बाहेर ओढणारा पंखा जेवढी हवा काढतो जवळपास तेवढी ताजी हवा आत येण्याची सोय हवी, अन्यथा दारे उघडायला जड जातात, धूर आतच रेंगाळतो आणि काम करणाऱ्यांना उकाड्याचा त्रास होतो. गॅसगळती ओळखणारे यंत्र बसवताना गॅस कोणता हे पाहावे: द्रवरूप पेट्रोलियम वायू हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो, तर नैसर्गिक वायू हलका असल्याने छताकडे जातो. तळणाच्या तेलाला लागलेल्या आगीवर पाणी कधीही टाकू नये. त्यासाठी स्वतंत्र, ओल्या रसायनाचे अग्निशामक मिळते. ते शेगडीच्या अगदी वर न लावता बाहेर पडण्याच्या वाटेवर लावावे, म्हणजे आगीच्या पलीकडे हात घालावा लागत नाही.

अन्नाची सुरक्षितता

चवीची तक्रार आली तर ग्राहक पुन्हा येण्याची आशा असते, पण अन्नातून विषबाधा झाली तर माणसाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून या बाबतीत तडजोड नको. 5 ते 60 अंश सेल्सियस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. त्यामुळे थंड पदार्थ 5 अंशांखाली, गरम पदार्थ 60 अंशांच्या वर आणि गोठवलेला माल उणे 18 अंशांना किंवा त्याखाली ठेवावा. शिजवताना पदार्थाच्या मध्यभागी किमान 70 अंश तापमान यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अंदाजावर न जाता खुपसायचा तापमापक वापरावा आणि दिवसातून ठरावीक वेळी शीतकपाटांचे तापमान वहीत नोंदवावे. सर्वांत जास्त निष्काळजीपणा शिजवलेला पदार्थ निवताना होतो. मोठे पातेले तसेच शीतकपाटात ठेवले तर त्याचा मधला भाग कित्येक तास कोमट राहतो. पदार्थ उथळ ट्रेमध्ये पसरून किंवा भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून 60 वरून 21 अंशांवर दोन तासांत आणि तेथून 5 अंशांवर पुढच्या चार तासांत आणावा.

1960च्या दशकात अमेरिकेत अंतराळवीरांचे अन्न निर्धोक राहावे म्हणून विकसित झालेली, धोक्याच्या जागा आधीच हेरून तेथे नियंत्रण ठेवण्याची पद्धत आज हॅसप या नावाने जगभर वापरली जाते. लहान रेस्टॉरंटनेही प्रत्येक पदार्थाचा माल येण्यापासून वाढण्यापर्यंतचा प्रवास लिहून कोठे चूक जिवावर बेतेल, हे ठरवावे. शेंगदाणे, दूध, अंडी, गहू, सोयाबीन, तीळ, मासे यांची काही जणांना तीव्र ॲलर्जी असते. कोणत्या पदार्थात काय आहे, हे विचारताक्षणी खात्रीने सांगता यायला हवे आणि खात्री नसेल तर वाढप्याने अंदाजाने उत्तर देऊ नये.

माणसे

मुख्य आचारी उद्घाटनाच्या किमान दोन महिने आधी रुजू व्हावा, म्हणजे मेनू, आखणी आणि यंत्रांची निवड त्याच्याशी बोलून करता येते. बाकीच्यांची संख्या दिवसाऐवजी तासांनुसार ठरवावी: कोणत्या तासाला किती ग्राहक अपेक्षित आहेत आणि त्या तासाला किती हात लागतील, असा तक्ता केला की दुपारी रिकामे बसणारे आणि रात्री कमी पडणारे मनुष्यबळ दोन्ही दिसतात. प्रत्येकाला स्वतःच्या कामाखेरीज आणखी एक काम शिकवावे. पगार ठरल्या तारखेला द्यावा, टिपची वाटणी सर्वांना माहीत असलेल्या नियमाने करावी आणि कामगारांच्या जेवणाचा खर्च वेगळा नोंदवावा. जे लोक दिवसभर इतरांना वाढतात त्यांना बसून, वेळेवर जेवता यावे, याची व्यवस्था पहिल्या दिवसापासून असली पाहिजे.

चाचणी, उद्घाटन आणि पहिले महिने

थाटामाटाच्या उद्घाटनापूर्वी एक-दोन आठवडे अर्धीच टेबले आणि अर्धाच मेनू ठेवून चालवून पाहावे. ऑर्डर घेतल्याची आणि प्लेट टेबलावर पोहोचल्याची वेळ लिहावी. तोंडावर कौतुक करणाऱ्यांच्या बोलण्यापेक्षा परत येणाऱ्या प्लेटी बारकाईने पाहाव्यात. एकाच पदार्थाचा एकच भाग पुन्हा पुन्हा उरत असेल तर तो एकतर जास्त वाढला जातो किंवा आवडत नाही. पार्सल देणार असाल तर प्रत्येक पदार्थ डब्यात भरून अर्ध्या तासाने स्वतः खाऊन पाहावा आणि जो मऊ पडतो किंवा पाणी सोडतो तो पार्सलच्या यादीत ठेवू नये. घरपोच सेवा देणाऱ्या अ‍ॅपचे कमिशन अनेक ठिकाणी 15 ते 30 टक्के असते, तेव्हा त्या विक्रीचा हिशेब स्वतंत्रपणे मांडल्याशिवाय तिकडे वळू नये.

उघडल्यानंतर दर आठवड्याला साठा मोजावा. सुरुवातीच्या साठ्यात खरेदी मिळवून शेवटचा साठा वजा केला की प्रत्यक्ष वापर कळतो. विकलेल्या प्लेटी आणि प्रमाणपत्रके यांवरून किती वापर व्हायला हवा होता, हेही काढता येते. या दोन आकड्यांतला फरक वाढत असेल तर तराजू न वापरता अंदाजाने वाढणे, नासाडी, नोंद न झालेल्या प्लेटी किंवा चोरी यांपैकी काहीतरी चालू आहे, आणि सर्वांत आधी तपासायचे ते वाढण्याचे प्रमाण. कोणावरही संशय घेण्यापूर्वी ओट्यापाशी उभे राहून एका जेवणाच्या वेळेतील दहा प्लेटी तोलाव्यात.

तीन महिन्यांनी खपाचे आकडे हाती आले की मेनूतील प्रत्येक पदार्थ वर सांगितलेल्या दोन कसोट्यांवर पुन्हा बसवावा, जिन्नसांचे बदललेले दर प्रमाणपत्रकांत भरावेत, खऱ्या आकड्यांवर रोजच्या आवश्यक ग्राहकसंख्येचा हिशेब नव्याने करावा आणि त्यानुसार दर, वेळा व मनुष्यबळ यांत बदल करून पुढच्या तीन महिन्यांसाठी तोच तक्ता पुन्हा लावावा.